अंबेनळीची ४८ मिनिटं : कात्रज–पोलादपूर–कात्रज, ३०० किमी बीआरएमच्या नोंदी

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार

गेल्या जानेवारीत याच मार्गावरची ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, माझ्याकडून अर्धवट राहिली. पहाटे पाचला कात्रजहून सुरुवात. जुना कात्रज घाट, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून अंबेनळी घाटाने थेट कोकणात पोलादपूर. आणि मग त्याच रस्त्याने परत. मी पोलादपूरहून चढून महाबळेश्वरात पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वीस झाले होते. तिथलं कंट्रोल, म्हणजे कार्डावर वेळेत शिक्का घ्यायची जागा, पाच बत्तीसला बंद झालं होतं. ४८ मिनिटं उशीर. कार्ड जमा केलं, सायकल टेम्पोत टाकली आणि घरी आलो. सात महिने होत आले तरी ती ४८ मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून येत्या जानेवारीत परत नाव देणार आहे आणि तयारी लिहून ठेवणार आहे.

नवीन माणसासाठी एवढंच : बीआरएम ही शर्यत नाही. पहिला-दुसरा कोणी नसतो. पण ताशी १५ किलोमीटरचा हिशोब प्रत्येक कंट्रोलला लागू असतो. ३०० ला २० तास, म्हणजे पाचला निघालेल्याला रात्री एकपर्यंत वेळ. सगळे जण तो रात्रीचा एक डोक्यात धरून बसतात, मीही धरला होता. या मार्गावर मात्र पोलादपूर १५० व्या किलोमीटरला आणि परतीचं महाबळेश्वर १८८ व्या किलोमीटरला येतं. १८८ भागिले १५, साडेबारा तास. दिवसभरातले सगळे मोठे चढ या १८८ मध्येच आहेत : कात्रज, खंबाटकी, पसरणी आणि समुद्रसपाटीच्या जवळून साडेतेराशे मीटरवर नेणारी अंबेनळी. नंतरचे ११२ किलोमीटर बहुतेक उताराचे आणि त्यांना साडेसात तास. तेव्हा परीक्षा संध्याकाळी साडेपाचची आहे, रात्री एकची नाही.

माझं वय ४७, वजन ७८ किलो. भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, सुट्टी गुरुवारी. लांबची राइड गुरुवारीच होणार.

८ ऑगस्ट, गुरुवार

पावसामुळे घरीच. गेल्या जानेवारीतली घड्याळातली फाईल उघडून चाक थांबलेली प्रत्येक जागा वहीत उतरवली. शिरवळ चहा १२ मिनिटं. सुरूर फाटा ६. वाई नाश्ता ३६. पाचगणी ८. महाबळेश्वर १५. अंबेनळी उतरताना ट्यूब फुटली ते १९. पोलादपूर जेवण ३१. परत चढताना चार वेळा थांबलो ते २८. बेरीज १५५ मिनिटं. चाक फिरत होतं ते १० तास ४५ मिनिटं.

बेरीज पाहून पोटात कालवलं. पण तरी मनाने हेच घेतलं की चढावर मी दमतो, दमतो म्हणून थांबतो, म्हणून आधी चढ सुधारला पाहिजे. म्हणून गिअर.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सध्या पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं आणि मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चक्रांचा संच. सगळ्यात हलका गिअर ३४ ला २८. अंबेनळीच्या वळणांवर माझा वेग ताशी ९ च्या आसपास असतो. त्या वेगाला या गिअरवर पायडलचे मिनिटाला ५९ फेरे होतात. म्हणजे प्रत्येक फेरा मांडीने दाबून काढायचा, आणि असं चार तास. मागे ३४ दाती घातली की त्याच वेगाला ७१ फेरे पडतात. मांडीवरचा भार कमी होतो आणि दम लागतो तो श्वासाला. श्वास दोन मिनिटांत परत येतो, मांडी भरून आली की त्या दिवशी मोकळी होत नाही.

११-३४ कॅसेट २,४०० रुपये. माझा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा, त्याला ३४ दात झेपत नाहीत, म्हणून लांब पिंजऱ्याचा डिरेलर ३,९००. चेन १,६५०. मिस्त्रींची मजुरी ६०० ठरली, पण चेन मी स्वतः कापतो म्हणालो.

५ सप्टेंबर, गुरुवार

तीच चूक झाली. नवी चेन जुन्या चेनशेजारी टांगून जुन्याइतकीच कापली. जुनी चेन २८ दातींच्या मापाची होती. आज जुन्या कात्रज घाटात पुढे ५० आणि मागे ३४ असा गिअर चुकून पडला आणि डिरेलर इतका ताणला गेला की पिंजरा आडवा होऊन सगळं जागच्या जागी जाम झालं. वेग कमी होता म्हणून पडलो नाही. उतारावर झालं असतं तर डिरेलर स्पोकांत गेला असता.

योग्य पद्धत : चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर गुंडाळायची, टोकं जिथे भेटतील त्यापुढे दोन दुवे जास्त ठेवून कापायची. जुन्या चेनचं माप घेऊ नका. मिस्त्रींनी न रागावता दुसरी चेन लावून दिली. आणखी १,६५० गेले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन परवा झालं, रस्ते मोकळे. सिंहगड दोनदा, गोळेवाडीपासून वरपर्यंत. अंबेनळीपेक्षा सिंहगड बराच उभा आहे, पण पुण्याजवळ एवढा सलग चढ दुसरा नाही. नवी कॅसेट चांगली लागली. पहिल्या फेरीत ३४ दाती शेवटच्या दोन किलोमीटरसाठी राखून ठेवली. दुसऱ्या फेरीत पहिल्या वळणापासून हलका गिअर लावला. वर पोचायला दोन्ही वेळा जवळपास सारखाच वेळ लागला. दुसऱ्या फेरीनंतर मात्र जिना चढायला त्रास झाला नाही. हलका गिअर राखून ठेवायची वस्तू नाही, पहिल्यापासून वापरायची.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दोन आठवडे वाया. उजव्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखणं. कारण माझंच : सिंहगडानंतर ‘अजून थोडी ताकद मिळेल’ म्हणून सीट एक सेंटीमीटर वर केली. पाय तळाशी पुरता ताणला जात होता. गुडघ्याच्या मागे दुखलं तर सीट उंच, पुढे दुखलं तर बहुधा खाली, एवढं मिस्त्रींनी सांगितलं. आधीच्या मापावर आणली. आता सीटच्या नळीवर चिकटपट्टी लावून खूण केली आहे. मोसमाच्या मध्यात सीटला हात लावायचा नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सायकलची पूजा. झेंडूची माळ, पान्यांच्या संचालाही हळद-कुंकू. दुपारी कार्बन रिमची वापरलेली चाकं घेऊन आलो, १८,००० रुपये. माझ्या आधीच्या चाकांपेक्षा जवळपास अर्धा किलो हलकी. बायकोने किंमत विचारली, खरी सांगितली. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

चाकं विकायची आहेत.

सायकल गाडीत घालून वाईला गेलो, पसरणी घाट दोनदा चढलो आणि उतरलो. चढताना चाकं छान वाटली. दुसऱ्यांदा उतरताना, धोमचं पाणी दिसतं त्या बाजूच्या वळणांवर, मागचा ब्रेक धरला की लिव्हरमध्ये धडधड जाणवायला लागली आणि जळका वास आला. खाली थांबून पाहिलं तर ब्रेक शूंवर काच चढल्यासारखी चकाकी. माझी सायकल रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक शू थेट चाकाच्या कडेवर घासतात. ॲल्युमिनियमची रिम तापते आणि हवेत उष्णता सोडून देते. कार्बनची उष्णता धरून ठेवते, आणि सतत ब्रेक दाबून ठेवला तर रिममधला, कार्बनचे धागे जोडून ठेवणारा रेझिन मऊ पडू शकतो. पसरणी ११-१२ किलोमीटरचा आहे. अंबेनळीचा उतार त्याच्या दुपटीहून लांब. डिस्क ब्रेक असतील तर हा प्रश्न येत नाही. रिम ब्रेक असतील तर अशा घाटाला कार्बन नको, हे मी पैसे मोजून शिकलो.

(१० नोव्हेंबरची भर : चाकं १४,५०० ला गेली. तोटा ३,५००.)

जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर परत आलो, नवे ब्रेक शू ९०० रुपयांना. गेल्या जानेवारीत ट्यूब का फुटली तेही आता नीट कळलं. मी घाबरून दोन्ही ब्रेक सतत हलके दाबून उतरत होतो. फुटल्यावर रिमला बोट लावलं तर चटका बसला होता. आता सराव असा : सरळ रस्त्यावर ब्रेक पूर्ण सोडायचे, वळणाच्या आधी दोन्ही एकदम जोरात पण थोडा वेळ दाबायचे, वळणात शिरताना सोडायचे. पहिले तीन-चार वेळा भीती वाटते. रिम मात्र कोमट राहते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजची नोंद माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची.

शिरवळपर्यंत जाऊन परत आलो, ८५ किलोमीटर. माझ्याबरोबर कारखान्यातला एक तरुण सहकारी होता. तो २९ वर्षांचा आहे, मला दादा म्हणतो, आणि चढावर माझ्यापुढे सहज निघून जातो. कात्रजच्या बोगद्याशी तो माझी वाट पाहत उभा, शिरवळलाही आधी पोचलेला. तरी घरी आम्ही बरोबरच पोचलो, कारण प्रत्येक ठिकाणी तो फोन काढतो, बसतो, काय खायचं ते पोचल्यावर ठरवतो. त्याला बघताना मला माझीच जानेवारीतली फाईल दिसत होती.

आमच्या टूलरूममध्ये प्रेसची डाय (साचा) बदलायचा वेळ कमी करण्यासाठी एक पद्धत आहे. मशीन बंद असतानाच करता येतील अशी कामं आणि मशीन चालू असताना करून ठेवता येतील अशी कामं वेगळी काढायची, आणि दुसऱ्या प्रकारातलं एकही काम बंद मशीनवर करायचं नाही. वीस वर्षं हे करतो आहे. सायकलवर कधी सुचलं नाही.

म्हणून वाईच्या ३६ मिनिटांची फोड केली. मिसळ यायची वाट १७. खाणं ९. बाटल्या भरणं ३. फोन ४. हातमोजे शोधणं आणि घालणं ३. यात चाक थांबवूनच करावं लागेल असं फक्त बाटल्या भरणं आहे. खाणं चालत्या सायकलवर होतं. हॅण्डलमागच्या नळीवर छोटी पिशवी लावली की हात मागच्या खिशात घालावा लागत नाही. फोन बंद.

आता नियम असा : थांबायच्या एक किलोमीटर आधी काय करायचं ते मोठ्याने म्हणायचं. ‘पाणी, शिक्का, जॅकेट.’ ते झालं की निघायचं. खुर्चीत बसायचं ते एकाच ठिकाणी, पोलादपूरला.

५ डिसेंबर, गुरुवार

आता थांबण्याचाच सराव करतो आहे. १२० किलोमीटर, चार थांबे, एकूण १९ मिनिटं. चालत्या सायकलवर राजगिऱ्याचा लाडू खाताना दोनदा ठसका लागला. चढावर कोरडं खायचं नाही, सपाटीवर खायचं आणि वर पाण्याचा घोट.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंबेनळीची रंगीत तालीम. पेट्रोल आणि खाणं मिळून २,३०० रुपये. बायको बरोबर आली, गाडी महाबळेश्वरात ठेवली. बीआरएमला ज्या वेळी उतरायला लागेन त्याच वेळी, सव्वाअकराला, सायकल खाली सोडली. घाट थंडीत छान असतो, पण तो कोकणातल्या दुपारी चढायचा आहे हे अंगावर घेऊनच बघायचं होतं.

उतरताना मेटतळे, मग प्रतापगडाचा फाटा असलेलं वाडा कुंभरोशी, मग खालची वळणं. पावसाळ्यातल्या दरडींची माती अजून काही वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडीसकट पसरलेली आहे. २०२१ च्या जुलैत हा रस्ता दरडींनी ठिकठिकाणी तुटला होता. दुरुस्त केलेल्या भागात पृष्ठभाग बदलतो तिथे चाक किंचित घसरतं. वळणाच्या आत न शिरता मधून जावं.

पोलादपूरला घड्याळात ३४ अंश. वर महाबळेश्वरात १९ होते. दोन बाटल्या भरून परत निघालो. सुरुवातीचे काही किलोमीटर जवळपास सपाट आहेत आणि तिथे सगळे फसतात : पाय मोकळे असतात, वेग ताशी २२ वर जातो, ऊन डोक्यावर असतं आणि कापडे गावापर्यंत एक बाटली संपते. मीही तसाच फसलो. त्यानंतर वाडा कुंभरोशीपर्यंत भरवशाचं पाणी मला मिळालं नाही. वाड्याच्या आधी तीन किलोमीटर दोन्ही बाटल्या कोरड्या. वाड्याच्या वर, झाडी दाट होते तिथे, डाव्या मांडीत गोळा आला. सायकल कठड्याला टेकवून दहा मिनिटं उभा राहिलो. समोर माकडांचा कळप, पिशवीत केळी. पिशवी पोटाशी धरून उभं राहावं लागलं.

वर पोचलो, पण ४ तास १८ मिनिटांनी. आणि आज मागे ११२ किलोमीटरची थकावटही नव्हती.

बदल तीन. एक, पोलादपूरहून निघताना तिसरी बाटली, एक लिटरची, जर्सीच्या मागच्या खिशात. दोन, पाण्यात ओआरएस. मोठं पाकीट एका लिटरचं असतं. माझ्या बाटल्या पाऊण लिटरच्या, म्हणजे दोन बाटल्यांना दीड पाकीट. पाकिटं आधीच तशी मोजून पुड्या बांधायच्या. तीन, कापड्यापर्यंत ताशी १८ च्या वर जायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी.

२६ डिसेंबर, गुरुवार

दिव्याची चाचणी. पुढचा नवा दिवा, ३,२०० रुपये. पूर्ण उजेडावर दोन तासांत संपला. मंद उजेडावर सात तास चालला. कात्रजचा जुना घाट पहाटे मंद उजेडावर चढता येतो, वेगच नसतो. पूर्ण उजेड परतीच्या खंबाटकी बोगद्यासाठी आणि त्यापुढच्या एस वळणासाठी राखायचा. जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, येताना बोगदा आहे. बोगद्यात ट्रकचा आवाज इतका घुमतो की गाडी मागे किती अंतरावर आहे ते कळत नाही. मागचे दिवे दोन लावणार, एक सीटखाली, एक हेल्मेटवर. शिवाय चकाकणारं जॅकेट. बीआरएमला ते सक्तीचं आहेच. सक्ती नसती तरी मी घातलं असतं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

बायकोने गुळपोळ्या नेहमीपेक्षा छोट्या आणि जाड लाटल्या, माझ्या पिशवीत बसतील अशा. बारा वेगळ्या काढून ठेवल्या. दोन बोटांत धरता येतात, चुरा होत नाही, आठ-दहा दिवस टिकतात. तीळ, गूळ, शेंगदाण्याचं कूट, तूप. सात-आठ तासांनंतर दुसरं गोड नको होतं, ही मात्र खावीशी वाटते. रविवारसाठी रजा मिळाली आहे आणि सोमवारचीही. नोंदणी ८००, जास्तीच्या दोन ट्यूब ९००.

१९ जानेवारी, रविवार

रात्री झोप चार तास. कात्रजला पाचला सुटलो. ३० च्या आसपास सायकली, सगळ्यांचे तांबडे दिवे घाटात वर वर जाताना दिसत होते. तरुण सहकारी पहिल्याच वळणावर पुढे निघून गेला. मी माझ्या हलक्या गिअरवर.

शिरवळ ६:५०. नीरेच्या पुलावर धुकं, बोटं बधिर. चहा घेतला, पण उभ्याने. ७ मिनिटं. खंबाटकीच्या माथ्यावर जॅकेट काढायला ३. सुरूर फाट्याला थांबलोच नाही. वाई ८:३५. बाजारात नाश्त्याला सायकली लावलेल्या, आत सहकारी बसलेला, त्याने हात केला, ‘दादा, या ना.’ मी हात दाखवला आणि पुढे पाण्याच्या टाकीशी जाऊन बाटल्या भरल्या. दोन पोळ्या, ओआरएस, ११ मिनिटं. त्याच्याबरोबर बसावंसं फार वाटलं होतं.

पसरणीत तो मला परत मागे टाकून गेला. मी ७० फेऱ्यांचा ताल सोडला नाही. दांडेघर नाका ९:५८. पाचगणीत रविवारची गर्दी, वेण्णा तलावाशी गाड्यांची रांग. सायकलला कडेने वाट मिळते, पण कोणी अचानक दार उघडेल म्हणून वेग मारता येत नाही. महाबळेश्वर कंट्रोल ११:०४. शिक्का, पाणी, तळव्यांना पावडर, ९ मिनिटं.

उतार सुरळीत. मेटतळ्याच्या खाली एका वळणावर खडीवर मागचं चाक हातभर सरकलं. ब्रेक सोडलेले होते म्हणून सावरलं. दाबलेले असते तर पडलोच असतो. वाड्याला थांबून रिमला बोट लावलं नाही, चालता चालता ब्रेकचा आवाज ऐकला, कोरडा आणि सारखा होता. पोलादपूर १२:२४. गेल्या वर्षी १:२६ ला पोचलो होतो. हॉटेलच्या दारात घड्याळ पाहिलं आणि छाती भरून आली.

इथे २१ मिनिटं, आणि त्यातली आठ पंख्याखाली बसून. हे ठरवलेलं होतं. ताक दोन ग्लास, पोळ्या दोन, टोपी भिजवून हेल्मेटखाली, तिसरी बाटली खिशात. निघालो तेव्हा सहकारी आत येत होता. वाटेत महाबळेश्वरात जेवायला थांबला होता. त्याला एवढंच म्हटलं, ‘पाणी जास्त घे, आणि लवकर निघ.’

कापड्यापर्यंत ताशी १७. मागून चार जण पुढे गेले, त्यातले तीन मला वाड्याच्या आधी सावलीत बसलेले भेटले. ऊन तसंच, ३३ अंश. एका वळणावर डोंगरातून पाण्याची बारीक धार अजून वाहत होती, टोपी परत भिजवली, ४ मिनिटं. वाडा कुंभरोशी २:४१. इथे ७ मिनिटं, आणि इथेच दिवसातली एक मोठी चूक. ओआरएसची पुडी पिशवीच्या तळाशी गेली होती. शोधायला वेळ जाईल म्हणून साधं पाणी भरलं आणि निघालो. एक मिनिट वाचवलं. पाऊण तासाने उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला गोळा आला, पायडल वर येईना. १३ मिनिटं रस्त्याच्या कडेला. तिथेच पुडी शोधली, पाण्यात घातली, प्यायलो. पाय हळूहळू सुटला. अशा वेळी मांडी जोरात चोळू नका. पाय सरळ करून हलका ताण द्या, आणि श्वास संथ ठेवून वाट बघा.

नंतरचा रस्ता जंगलातला, सावलीचा. वेग ताशी ८. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी प्रत्येक किलोमीटरला बघितलं. शेवटचे तीन किलोमीटर आले तेव्हा ४:४५ झाले होते, आणि कळलं की आज दार उघडं असेल.

महाबळेश्वर ५:०६. २६ मिनिटं हातात. कंट्रोलवरच्या माणसाने कार्डावर शिक्का मारला, आणि मी बराच वेळ त्या शिक्क्यावरची शाई वाळताना बघत उभा राहिलो.

त्यापुढचं थोडक्यात. पोहे खाल्ले, जॅकेट चढवलं, ५:२८ ला निघालो. पाचगणीत अंधार. पसरणीवरून खाली वाईचे दिवे. खंबाटकी बोगद्याशी तिघांची वाट पाहिली आणि चौघं मिळून, दोन-दोनच्या ओळीत नाही तर एकामागे एक, पूर्ण उजेडात बोगदा पार केला. एस वळणावर ब्रेक आधीच धरले. शिरवळला ८:५० ला खिचडी.

तिथे फोन सुरू केला तेव्हा सहकाऱ्याचा निरोप : महाबळेश्वरात ५:४४. बारा मिनिटं उशीर. खिचडी पुढ्यात तशीच राहिली काही वेळ. त्याला फोन लावला, तो गाडीत होता. म्हणाला, ‘पाय चांगले होते हो दादा.’ ते खरंच होतं.

कात्रज ११:२४. एकूण १८ तास २४ मिनिटं. घड्याळात साडेतीन हजार मीटरहून जास्त चढाई.

२० जानेवारी, सोमवार

जिना उलटा उतरतो आहे. हिशोब :

परतीच्या महाबळेश्वरपर्यंत गेल्या वर्षी १३ तास २० मिनिटं, या वर्षी १२ तास ६ मिनिटं. ७४ मिनिटं कमी. थांबे गेल्या वर्षी १५५, या वर्षी ७५. चाक फिरण्याचा वेळ गेल्या वर्षी १०:४५, या वर्षी १०:५१. म्हणजे सायकल मी सहा मिनिटं हळूच चालवली. हे आकडे तीनदा तपासले.

गिअर वाया गेला असं नाही. हलक्या गिअरमुळेच वाईत आणि महाबळेश्वरात बसावंसं वाटलं नाही. पण नुसता गिअर बदलून वाईत मिसळीची वाट बघितली असती तर परत टेम्पोच मिळाला असता.

खर्च : कॅसेट २,४००, डिरेलर ३,९००, चेन दोन ३,३००, मजुरी ६००, ब्रेक शू ९००, चाकांतला तोटा ३,५००, दिवा ३,२००, ट्यूब ९००, तालीम २,३००, नोंदणी ८००. एकूण २१,८००. यातले ५,१५० माझ्या चुकांचे : वाया गेलेली एक चेन आणि कार्बनची चाकं.

२३ जानेवारी, गुरुवार

सायकल धुतली. मागचे ब्रेक शू जवळपास खुणेपर्यंत झिजले. एका शूमध्ये खडीचा बारीक कण रुतला होता, सुईने काढला. नाही तर तो रिमला ओरखडे पाडत राहतो.

दुपारी सहकारी घरी आला, घड्याळ घेऊन. चहा झाला. बायकोने उरलेल्या दोन गुळपोळ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. वहीचं नवं पान काढलं, डाव्या बाजूला गावांची नावं लिहिली आणि त्याची फाईल उघडली. वाईच्या पुढे ३१ लिहिलं. पोलादपूरच्या पुढे ४०. मग पेन त्याच्या हातात दिलं.